पालेभाजी औषध म्हणून नको, चव म्हणून शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पालेभाज्यांवर लेख आला की मी तो वाचतेच, आणि दरवेळी तो त्याच वळणावर जातो, आयर्न एवढं, कॅल्शियम एवढं, फायबर एवढं, म्हणून रोज खा. माहिती खोटी नसते पण असा लेख वाचून कोणी पालेभाजी आवडीने खायला लागलंय असं मी तरी पाहिलं नाही. मी स्वतः तिशीपर्यंत पालेभाजी ताटाच्या कडेला सारत आले आणि आता आठवड्यातले चार-पाच दिवस हौसेने करते आणि खाते. मधे काय बदललं म्हणाल तर पोषणाची माहिती नाही, ती शाळेपासून पाठ होती, बदलली ती शिजवायची रीत. त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमच्या घरी कुठलाही पाला आला की एकच रीत, बारीक चिरायचा, भरपूर पाणी, वर झाकण, आणि मग तो विसरून जायचा. अर्ध्या तासाने झाकण काढलं की शेवाळी रंगाचा लगदा आणि वर तो उग्र वास. मला वाटायचं हीच पालेभाजीची चव. मग एका मैत्रिणीकडे पालक खाल्ला. तिने पानं धुवून निथळून अगदी कोरडी केलेली, कढई चांगली तापलेली, तेलात ठेचलेला लसूण, आणि मग मूठ मूठ पानं टाकत गेली. चर्र आवाज, कढईच्या वर आलेला ढीग बघता बघता बसून वाटीभर झाला, दीड-दोन मिनिटात गॅस बंद. मीठ तिने त्यानंतर घातलं. मी विचारलं आधी का नाही, तर म्हणाली ढीग बघून मीठ घातलं की भाजी खारटच होणार, पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, तो आळला की खरा किती आहे ते कळतं. ती भाजी गर्द हिरवी होती आणि थोडी गोडसर लागली!! पालक गोडसर लागतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

रंग का जातो ते नंतर वाचलं. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं, भाजी जास्त वेळ शिजली की पानातलीच आम्लं बाहेर येतात आणि ते मॅग्नेशियम निघून जातं, मग हिरव्याचा मेंदी रंग होतो. झाकण ठेवलं की उडून जाणारी आम्लंही वाफेबरोबर परत भांड्यातच पडतात. म्हणून झाकण नको, आणि लिंबू पिळायचं तर ताटात. काही जण रंगासाठी खायचा सोडा टाकतात, रंग टिकतो खरा पण पानं गिळगिळीत होतात आणि क जीवनसत्त्व जातं, त्यापेक्षा दोन मिनिटं आधी उतरवणं सोपं नाही का?

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळ्या पानांना एकच नियम लावणं. मोहरीचा पाला पालकासारखा दीड मिनिटात उतरवून चालत नाही, तो जाड आणि तिखट, त्याला वेळ द्यावाच लागतो, त्याचा झणका चिरल्यावर तयार होतो आणि शिजल्यावर मऊ पडतो. माठाचे देठ आधी टाकायचे, ते अर्धे शिजले की पानं, नाहीतर पानांचा चिखल आणि देठ कच्चे. लाल माठाचा रंग पाण्यात उतरतो, ते पाणी फेकू नका. अळू मात्र नीट पूर्णच शिजवायचं, त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, कच्चं राहिलं की घसा खाजतो, यात घाई करायचीच नाही. मेथीचा कडवटपणा घालवायला मीठ लावून पिळणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही, पिळलेल्या पाण्यात चव पण जाते. मीठ आणि तेल नीट पडलं की जिभेला कडू तसंही कमी लागतं, आणि थोडा कडवटपणा राहिला तर राहू दे, तीच तर मेथी.

कडू लागण्यावरून एक सांगते. 1931 साली आर्थर फॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पावडर हवेत उडाली, शेजारच्या सहकाऱ्याला ती भयंकर कडू लागली आणि फॉक्स यांना काहीच चव नाही! हा फरक जन्मजात असतो, आणि कोबी-मोहरीच्या कुळातल्या पाल्यांचा कडवटपणाही त्यामुळे कोणाला जास्त जाणवतो तर कोणाला कमी. म्हणजे एखादं मूल खरंच तोंड वाकडं करत असेल तर ते नाटक नसू शकतं. लहान मुलांना नवीन चव पटायला साधारण 8-10 वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते आणि आपण तिसऱ्या वेळी "याला आवडतच नाही" म्हणून सोडून देतो, किंवा धाक घालतो, ते तर त्याहून वाईट.

माझ्या मुलीला शेपूच्या वासानेच नको व्हायचं. मी जबरदस्ती सोडली, दर वेळी ताटात एक चमचा, खा म्हणायचं नाही आणि नाही खाल्ली तर काही बोलायचं नाही. मात्र निवडायला तिला शेजारी बसवायचे. जुडी सोडायची, कोवळ्या काड्या वेगळ्या, जून वेगळ्या, ती काडी मोडून बघायची कट्कन मोडते की दोरा निघतो. एक दिवस निवडता निवडता तिने कच्चीच काडी चावली आणि म्हणाली बडीशेपसारखी लागते की. आणि खरंच, ही दोन्ही झाडं एकाच कुळातली. त्या दिवशी तो चमचा संपला.

आता तुमच्या पेपरबद्दल. "रोज भरपूर पालक खा" असं सरसकट छापू नका ही विनंती. पालकातलं बरंचसं कॅल्शियम ऑक्झलेटला (पानातलंच एक द्रव्य) बांधलेलं असल्याने अंगी लागतच नाही, मुतखड्याचा त्रास असलेल्यांना पालक डॉक्टरांना विचारूनच खावा लागतो आणि रक्त पातळ करायची वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवणं किंवा बंद करणं दोन्ही धोक्याचं, कारण त्यातलं के जीवनसत्त्व, ते रक्त गोठायला मदत करतं. आयर्नचं लिहिता तर सोबत लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा नको हेही लिहा, नुसत्या मिलिग्रॅमच्या आकड्याने काय होतं. फोलेट (एक ब जीवनसत्त्व) हे नाव सुद्धा पानावरूनच आलंय, 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून नाव ठेवलं, असं काही छापलंत तर मुलंही वाचतील.

आणि शक्य असेल तर दर आठवड्याला एकच पाला घ्या. तो कोवळा कसा ओळखायचा, माती अडकते कुठे (देठाच्या बुडाशी, म्हणून वाहत्या पाण्याखाली नाही तर मोठ्या भांड्यात बुडवून, दोन-तीनदा पाणी बदलून, पानं वर उचलून घ्यायची, पाणी ओतायचं नाही), किती मिनिटं शिजवायचा, देठाचं काय करायचं. फोटो सजवलेल्या ताटाचा नको, कढईतला द्या, टाकल्यावरचा आणि दोन मिनिटांनंतरचा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक