इंजेक्टर बसवला, पण कोड कोण टाकणार?

मा. संपादक,

माझी डिझेल टॅक्सी आहे, मोपा एअरपोर्टची भाडी मारतो. डिसेंबरात एक इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट, गेला. आमच्या पेडण्यातल्या गॅरेजवाल्याने अर्ध्या दिवसात नवीन बसवून दिला, काम एकदम चोख, तरी गाडी न्यूट्रलला थडथडायची आणि धूर टाकायची. कारण प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, तो गाडीच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, टाकल्याशिवाय त्याला त्या इंजेक्टरमधून नेमकं किती डिझेल सुटतं ते कळत नाही. गॅरेजवाल्याचा स्कॅनर एरर वाचतो, पुसतो, पण कोड लिहू देत नाही, ते सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे. म्हणून दुरुस्त झालेली गाडी टो करून म्हापशाला नेली, चार दिवस नंबर लागला नाही आणि काम काय, तर लॅपटॉप लावून दहा मिनिटांचं. ऐन सीझनमधले चार दिवस हो! बँकेचा हप्ता काय थांबतो?

नवीन चावी प्रोग्रॅम करा, डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, भरला की रिजनरेशन करा, म्हणजे ती काजळी जाळून तो साफ करा, सगळीकडे हीच अडचण, आणि २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यापासून जास्तच.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्येच १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता आणि स्पेअर पार्ट, डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजना मिळतील अशी व्यवस्था करा म्हणून सांगितलं होतं. दंडाचं प्रकरण अपिलात गेलं, पण पेडण्यातल्या गॅरेजपर्यंत टूल काही पोचलं नाही. अमेरिकेत टोयोटाचं सॉफ्टवेअर बाहेरचा मेकॅनिकसुद्धा दोन दिवसांपुरतं पैसे भरून घेऊ शकतो, मग इथे का नको? फुकट कोणी मागत नाही.

नाइलाजाने काही जण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरतात. मी त्यांना दोष देत नाही, पण ते धोक्याचं आहे, चुकीची फाइल गेली किंवा प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर अख्खा ईसीएम बाद होऊ शकतो. त्यासाठी बॅटरीला सपोर्ट चार्जर लावून ठेवतात, आणि आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणजे इन्व्हर्टर पण हवा. एकट्या छोट्या गॅरेजवाल्याला हे सगळं कसं परवडणार?

माझं गोवा सरकारला कळकळीचं सांगणं आहे की फर्मागुडी आणि डिचोलीच्या आयटीआयमध्ये कंपन्यांचं रीतसर लायसन्स घेऊन असा एकेक सेटअप ठेवा, मुलं त्यावर शिकतील आणि आमचे गॅरेजवाले तासाचं भाडं भरून तिथेच कोडिंग करून घेतील. गाडीचा ईसीएम लॅपटॉपला जोडणारं जे२५३४ स्टँडर्डचं एक डिव्हाइस बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांना चालतं, त्यामुळे प्रत्येक कंपनीसाठी वेगळं मशीन घ्यायची गरज नाही. पुढच्या सीझनच्या आधी निदान एका आयटीआयमध्ये तरी सुरू करा.

— एक टॅक्सीमालक, पेडणे