छपराचं माप घेणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम सलाम.

महिला मंडळाच्या वतीने हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जालना, बीड, लातूरकडच्या इतर चर्चच्या मंडळ्यांनाही तुमचं शिकवणं कळावं, एवढाच हेतू. तुम्ही आमच्या मंडळीचे सभासद नाही, चर्चशेजारी राहणारे निवृत्त कृषी सहायक. चर्चचा बोअर आटला म्हटल्यावर मोजपट्टी घेऊन तुम्हीच आधी आलात.

पावसासाठी आमची प्रार्थना चालू होती, आजही असते. तुम्ही एवढंच विचारलंत, "पडलेला पाऊस जातो कुठं?" मग फळ्यावर हिशेब मांडलात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चर्चचा पत्रा 200 चौरस मीटर. वर्षाला 600 मिलिमीटर धरला तरी 1,20,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला समजा, 96,000 उरतात. मोठे आठ-नऊ टँकर! एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस काढलेल्या माणसाला या आकड्याची किंमत सांगावी लागत नाही.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या उत्पत्तीचा दुसरा अध्याय घेतला. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला. पुढच्या शनिवारी तरुण संघ कुदळ-फावडी घेऊन हजर! पन्हळी लावल्या, पत्र्याचं पाणी जिरवायला बोअरभोवती खड्डा घेतला, त्यात दगड, खडी, वाळूचे थर भरले. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, नाहीतर पत्र्यावरची घाण आत जाते आणि बोअरमध्ये गाळ बसतो, हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की आता लहान मुलंही सांगतात.

प्रीतिभोजनातल्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणातल्या, थर्माकोलच्या ताटल्या गेल्या तेही तुमच्यामुळे. स्टीलची ताटं आली की घासणं बायकांच्याच गळ्यात पडणार, ही माझी धास्ती होती. "ज्याचं ताट त्याने धुवायचं," तुम्ही म्हणालात आणि स्वतः नळापाशी उभे राहिलात. त्यामुळेच ही पद्धत टिकली, असं मला मनापासून वाटतं. कबरस्तानात निलगिरीऐवजी कडुनिंब आणि करंज लावले, तेही कुंपणालगत, म्हणजे मुळं कबरींत शिरणार नाहीत.

1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ जगभरच्या अनेक मंडळ्या देवाच्या निर्मितीसाठी, म्हणजे सृष्टीसाठी, प्रार्थनेत घालवतात. आपल्याकडे तेव्हा परतीचा पाऊस असतो. यंदा त्या दिवसांत दर रविवारी उपासनेनंतर बोअरची पाणीपातळी मोजून फलकावर लिहायची, असं कमिटीत ठरलं आहे.

आता पत्र्यावर सौर पॅनल बसवायचा विचार चालू आहे. पॅनलवरून ओघळणारं पाणी पन्हळीत नीट पडेल का, हे तुम्ही बघितल्याशिवाय काम सुरू करणार नाही. सवड काढून काकूंनाही घेऊन या. जेवायलाच या.

आपली,
महिला मंडळाची चिटणीस