कोळशाचा उपकर कोळसा पट्ट्याला द्या: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदया,

सप्रेम नमस्कार.

२०१० च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. जे इंधन हवा बिघडवते त्यावरच कर बसवायचा आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जा उभी करायची, असा सरळ विचार त्यामागे होता. २०१६ मध्ये हा दर ४०० रुपये झाला आणि त्याला ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे नाव मिळाले. दक्षिण आफ्रिकेचा कार्बन कर २०१९ चा, चीनचा देशव्यापी उत्सर्जन व्यापार (कार्बन सोडण्याच्या परवान्यांची खरेदी-विक्री) २०२१ चा. त्यांच्या आधी आपण हे केले होते, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या पैशाचे पुढे काय झाले, ते मात्र मनाला लागते. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यांपैकी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले साधारण ३० हजार कोटी आणि प्रकल्पांवर खर्च झाले जेमतेम १६ हजार कोटी. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांच्या महसुली नुकसानभरपाईसाठी वळवले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने हा उपकर काढूनच टाकला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर नेला.

कागदावर कर वाढल्यासारखा दिसतो, पण वीज केंद्रांच्या कोळशावरचा एकूण कर टनामागे सरासरी २६० रुपयांच्या आसपास कमी झाला, असे सरकारनेच सांगितले. त्यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरीच आहे. आधीचा कर वजनावर होता, त्यामुळे स्वस्त आणि जास्त राखेच्या कोळशाला तो अधिक जड जाई. आता कर किमतीवर आहे. कोळसा जितका हलक्या प्रतीचा आणि स्वस्त, तितका कर कमी. शिवाय जीएसटीतला राज्याचा वाटा माल वापरणाऱ्या राज्याकडे जातो. ज्यांच्या जमिनीतून कोळसा निघतो त्या झारखंड, ओडिशा, छत्तीसगडला त्यातून फारसे मिळत नाही. त्यांचा आधार रॉयल्टीचा.

कोळसा उद्या बंद करा असे मी म्हणत नाही. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला बिगर-जीवाश्म वाटा ५० टक्क्यांवर पोचला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, आणि ही मोठी कामगिरी आहे. तरीही प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशातूनच येते. २०२४-२५ मध्ये आपण १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. रेल्वेच्या मालवाहतुकीतला जवळपास निम्मा भार कोळशाचा असतो, आणि मालवाहतुकीच्या कमाईवरच प्रवासी तिकीट स्वस्त राहते. इतके सगळे ज्याच्यावर उभे आहे तो कोळसा २०७० च्या नेट झिरोकडे, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाकडे, जाताना कमी होणारच. कमी होताना तो कोणाच्या ताटातला घास नेणार, याचा हिशोब आज कोणत्या खात्याच्या वहीत आहे?

दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. म्पुमलांगा प्रांतातले कोळशावरचे कोमाटी वीज केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले. कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांची दुसरीकडे सोय लागली; कंत्राटी कामगार आणि त्यांच्यावर चालणारा गावातला छोटा धंदा उघड्यावर पडला. परदेशी मदतीच्या मोठमोठ्या घोषणा झाल्या होत्या, तरी असे झाले. चीनने २०१६ मध्ये कोळसा आणि पोलादाची जादा क्षमता कमी करायला घेतली तेव्हा अंदाजे १८ लाख कामगारांचा रोजगार जाणार, असा आकडा सरकारने आधी जाहीर केला आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी १०० अब्ज युआन बाजूला काढले. त्या राजवटीतले सगळेच घेण्यासारखे नाही. पण माणसे मोजणे आणि पैसा आधी ठेवणे, एवढे तरी घ्यावे.

आपल्याकडे चंद्रपूर-वणी पट्ट्यात काय होईल? खाणीतला डंपरचालक, राख वाहणारा, कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करणारा मजूर यांतले बरेच जण ठेकेदाराकडे आहेत. खाण किंवा वीजसंच बंद झाला की कायम कामगाराची बदली होते, ठेकेदाराच्या माणसाला फक्त निरोप मिळतो.

म्हणून माझी मागणी अशी. कोळशावर टनामागे १०० रुपयांचा उपकर पुन्हा लावा, आणि तो फक्त कोळसा जिल्ह्यांसाठी राखीव राहील असा कायदा करा. १०० कोटी टनांवर वर्षाला १० हजार कोटी रुपये होतात. एक युनिट वीज करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे विजेवर बोजा युनिटमागे ६-७ पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये जेवढी सूट दिलीत त्याच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. मागच्या वेळी हा पैसा निधीत पोचण्याआधीच आटला, म्हणून या वेळी वर्षअखेरीस तो परत जाणार नाही आणि दुसऱ्या कामाला वळवता येणार नाही, असे कलम कायद्यातच हवे.

खाणग्रस्त भागासाठी खाणचालकांकडून पैसा घेणारी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने २०१५ पासून अस्तित्वात आहेत. त्यांच्या पैशातून रस्ते आणि इमारती होतात, त्याही हव्यात. पण खाण संपल्यानंतरच्या दिवसांसाठी त्यातला ठराविक वाटा वेगळा ठेवण्याची सक्ती करा. ठेकेदारांकडच्या कामगारांची नोंद तर उपकराची वाट न पाहताही सुरू करता येईल.

युरोपीय संघाचा सीमा कार्बन कर, म्हणजे पोलादासारख्या आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. निर्यातदाराने आपल्या देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजावट त्यात मिळते. आपला पोलाद कारखानदार ती इथे भरणार नसेल तर युरोपात भरली जाईल, आणि तो पैसा धनबादला किंवा चंद्रपूरला कधीच येणार नाही.

विकसित देशांकडून हवामान निधी मागण्याचा आपला हक्क आहे. आपले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ती मागणी जोरात चालू राहू दे. पण इथल्या कोळशावरचा पैसा गोळा करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. येत्या अर्थसंकल्पाच्या भाषणात या निधीचे नाव आणि त्याच्या पहिल्या वर्षाची रक्कम ऐकायला मिळेल का?

आपला नम्र,
एक नागरिक