रेडिओलहरी म्हणजे आवाज नव्हे!

संपादक महोदय,

विज्ञानावरच्या लेखांत 'रेडिओवरून ध्वनिलहरी येतात' असं वाचलं की जरा डोकंच फिरतं. अहो, रेडिओलहरी प्रकाशाच्या भावंडांपैकी, विद्युतचुंबकीय, त्यांना हवा लागत नाही, निर्वातातूनही सेकंदाला ३ लाख किलोमीटरने सुटतात, आणि आवाजाला मात्र हवा, पाणी, लोखंड असं काहीतरी माध्यम लागतंच, हवेत तर तो सेकंदाला जेमतेम ३४० मीटर जातो. १८८७ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झने या रेडिओलहरी प्रयोगात दाखवल्या तेव्हा त्यात आवाज कुठे होता? होत्या त्या नुसत्या ठिणग्या! आवाज होतो शेवटी, स्पीकरचा पडदा थरथरला की.

गंमत बघा, सभागृहात ३४ मीटर मागे बसलेल्याला भाषण ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो (सभागृहात लाउडस्पीकर नाहीत असं धरा), पण तेच भाषण साध्या रेडिओवर हजार किलोमीटरवर कुणी स्पीकरला कान लावून ऐकत असेल तर त्याला आधी ऐकू येईल, कारण लहरीला तिथं पोचायला सेकंदाचा ३०० वा भागच पुरतो! डिजिटल प्रक्षेपणात मशीनच उशीर करतं, तो भाग वेगळा.

तेव्हा प्लीज, छापण्याआधी एवढं तरी तपासा ना.

– एक वाचक