लायसन्सच्या परीक्षेत एक प्रश्न वाढवा: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

लायसन्ससाठी आपण चिन्हे पाठ करून घेता, गाडी मागे घ्यायला लावता. धावती गाडी थांबवायला किती बल लागते, हे मात्र कुणी विचारत नाही. मी विज्ञान शिकवतो, म्हणून मला हे जरा जास्तच खुपते.

हिशेब शाळकरी आहे. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागायचे. (वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, निम्मी मुले इथेच घसरतात.) १००० किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने जाते आहे. ४० मीटरांत थांबवायला ५००० न्यूटन बल लागते, २० मीटरांत थांबवायला १०,०००. पण हे १०,००० आणायचे कुठून? ब्रेक कितीही दणकट असो, शेवटी रस्ता धरायचा तो टायरने. कोरड्या डांबरावरही साधारण टायर गाडीच्या वजनाच्या (१००० किलोचे सुमारे ९८०० न्यूटन) सात-आठ दशांश एवढीच पकड देतो, म्हणजे इथे ७००० ते ७८०० न्यूटन. ओल्या रस्त्यावर त्याहून बरीच कमी.

भरलेल्या ट्रकचे तर विचारूच नका. १६ टनांचा ट्रक शंभर मीटरला पाच मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर असेल, तर त्याचा वेग नुसता वाढू न देण्यासाठीच सुमारे ७८०० न्यूटन खर्ची पडतात. थांबवणे पुढेच राहिले. लांब उतारावर ब्रेक तापून ढिले पडतात ते यामुळे.

परीक्षेसाठी प्रश्न मी तयारच ठेवला आहे. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एक ताशी ५० ने, दुसरी ताशी ७० ने. समोर अडथळा दिसतो. दोघांचाही पाय एका सेकंदाने ब्रेकवर पडतो, ब्रेकही सारखेच लागतात. पहिली गाडी अडथळ्याला जेमतेम न शिवता थांबते. दुसरी किती वेगाने आदळेल?

वर्गात विचारले की बहुतेक हात २० ला वर होतात. कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक दाबला तरी उत्तर येते ताशी ५८ च्या आसपास. पहिली गाडी सुमारे २८ मीटरांत थांबते. दुसरीचे १९ मीटर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात, आणि उरलेल्या ८-९ मीटरांत तिचा वेग फक्त १२ ने उतरतो.

एवढा एक प्रश्न परीक्षेत घालावा, ही विनंती.

आपला,
एक विज्ञान शिक्षक