ज्या चित्रपटांत माणसे कामाला जातात

अमळनेर

प्रिय मधुकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सध्या थ्री फेजची वीज रात्रीच मिळत असल्यामुळे मोटार चालू करून केळीच्या मळ्यातल्या खोलीत पहाटेपर्यंत जागावे लागते, आणि त्या वेळात मोबाइलवर तेच ते मारधाडीचे चित्रपट पाहून वीट आला आहे, असे तू लिहिले आहेस. ‘तुझे ते बाहेरच्या देशांतले, बक्षिसे मिळालेले चित्रपट आमच्यासारख्याला झेपतील का?’ असेही विचारले आहेस. झेपण्या-न झेपण्याचा हा प्रश्न मला मुळातच पटत नाही. थोर चित्रपटांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात, पण त्या शंभरांतून आधी कशाला हात घालावा हे त्या सांगत नाहीत, म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली आहे: चित्रपटातला माणूस पोटासाठी काय करतो, आणि ते काम पडद्यावर धडपणे दिसते का, एवढेच आधी पाहायचे. आपल्या नेहमीच्या चित्रपटांत नायक तीन तास गातो, भांडतो आणि शेवटी लग्न करतो, पण त्याच्या घरात दळण कोणत्या पैशाने येते याचा अखेरपर्यंत पत्ता लागत नाही. या कसोटीने पाहिलेस तर तुझ्यासारख्या कास्तकाराला हे चित्रपट माझ्यापेक्षा अधिक कळतील, याविषयी मला शंका नाही.

सुरुवात एर्मानो ओल्मी यांच्या ‘द ट्री ऑफ वुडन क्लॉग्ज’ या इटालियन चित्रपटाने कर. हा १९७८ सालचा असून त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक, म्हणजे पाम द’ओर, त्याला मिळाले होते. चित्रपट तीन तासांहून थोडा मोठा आहे, पण तुला रात्र काढायचीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीच्या उत्तरेकडच्या बेर्गामो भागात चार कुटुंबे एका मोठ्या वाड्यात राहतात. घर, गोठा, जमीन आणि बांधावरची झाडेसुद्धा जमीनदाराची, आणि पिकाचे तीन वाटे केले तर त्यांतले दोन त्याचेच. यात एकही व्यावसायिक नट नाही. त्याच भागातले शेतकरी आणि त्यांची मुलेबाळे यात आहेत, आणि ती आपल्या बोलीतच बोलतात, म्हणजे उद्या कोणी आपल्याकडची माणसे घेऊन सबंध चित्रपट अहिराणीत करावा तसेच हे झाले.

यात एक आजोबा आहेत. बाजारात आपला टोमॅटो सगळ्यांच्या आधी जावा म्हणून ते हिवाळ्यातच, बर्फ पडलेले असताना, कोणाला कळू न देता जमिनीत कोंबडखत घालून ठेवतात, आणि हे गुपित फक्त नातीला सांगतात. महिनाभर आधी पिकलेले टोमॅटो घेऊन नातीबरोबर शहरात जाताना त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे, तो पहिल्या कापणीच्या केळीला चांगला भाव लागल्यावर तुझ्या चेहऱ्यावर मी पाहिलेला आहे. दुसरा एक गडी जत्रेत सापडलेले सोन्याचे नाणे घोड्याच्या खुरात चिखलाने लिंपून लपवतो, पुढे ते हरवते, आणि त्याचा राग तो त्या मुक्या जनावरावर काढतो. तो प्रसंग हसवतो खरा, पण हसू फार वेळ टिकत नाही. मुख्य गोष्ट बातिस्ती या शेतकऱ्याच्या मुलाची आहे. पाद्रीबाबांच्या सांगण्यावरून पोराला शाळेत घातले जाते. रोजच्या लांबच्या पायपिटीत त्याच्या पायातला लाकडी तळव्याचा बूट फुटतो, आणि बाप रात्री जाऊन पाण्याच्या काठचे एक झाड तोडतो व त्यातून नवी जोडी कोरून देतो. झाड जमीनदाराचे आहे हे मी आधीच सांगितले. पुढे काय होते ते तू स्वतःच पाहा. मी एवढेच सांगतो की अखेरच्या दृश्यात शेजारी घराच्या दारातून बाहेर येत नाहीत, आणि त्यांच्या त्या न येण्याचा मला बातिस्तीच्या नशिबापेक्षाही अधिक त्रास झाला. आपल्या आजोबांच्या काळच्या सालदारांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत, त्यामुळे हे परके वाटण्याचे कारण नाही.

यानंतर अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा ‘इकिरू’ हा जपानी चित्रपट पाहा. महापालिकेच्या एका खात्याचा प्रमुख तीस वर्षे कागदांवर शिक्के मारत बसलेला आहे. वस्तीतले घाण पाण्याचे डबके हटवा अशी तक्रार घेऊन आलेल्या बायकांना या खात्यातून त्या खात्यात, तिथून आणखी तिसऱ्या खात्यात पाठवले जाते, आणि हे सगळे इतक्या झपाट्याने दाखवले आहे की सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करण्यासाठी तू केलेल्या खेपा तुला आठवल्याखेरीज राहणार नाहीत. त्या साहेबाला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते आणि तो मरण्यापूर्वी त्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करायची असे ठरवतो. खरी गंमत पुढे आहे: चित्रपट बराच उरलेला असताना तो माणूस मरून जातो, आणि राहिलेला वेळ त्याच्या अंत्यविधीला जमलेले कर्मचारी बागेचे श्रेय कोणाचे यावर पीत पीत वाद घालतात. सरकारी कचेरीविषयी याहून बोचरे काही मी पाहिलेले नाही. केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ (२०१६) याच रांगेतला आहे. हृदयविकार झालेल्या सुताराला डॉक्टर काम करू नको म्हणतात, भत्ता देणारी सरकारी कचेरी त्याला काम करायला योग्य ठरवते, आणि भत्त्याचा अर्ज मात्र ऑनलाइनच भरायचा असतो. त्याला माऊस पडद्यावर वर न्या असे सांगितल्यावर तो खरोखर माऊस उचलून पडद्याला लावतो. पीकविम्याचे अर्ज भरताना सेतू केंद्रात बसलेले आपले म्हातारे डोळ्यांसमोर येतात.

व्हित्तोरियो दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’विषयी (१९४८) सगळेच लिहितात, म्हणून मी एकच जागा सांगतो. भिंतीवर जाहिराती चिकटवण्याच्या नोकरीसाठी सायकल हवी, ती गहाण पडलेली, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. तो गठ्ठा घेऊन गहाणखान्यातला माणूस छतापर्यंत गेलेल्या फळ्यांवर चढत जातो, आणि त्या फळ्या सगळ्या लोकांच्या चादरींनीच भरलेल्या असतात. रोममधली गरिबी सांगायला दिग्दर्शकाने एकही भाषण वापरलेले नाही.

अब्बास कियारोस्तामी यांचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७) घरच्या मुलांना बरोबर घेऊन पाहा. चुकून आपल्या दप्तरात आलेली वर्गमित्राची वही परत करायला इराणमधला एक लहान मुलगा शेजारच्या गावी धावतो, कारण उद्याही गृहपाठ वहीत नसला तर गुरुजी त्या मित्राला शाळेतून काढतील. मी स्वतः मास्तर आहे. त्या वर्गातला दरारा खोटा नाही. वाटेत त्याला एक म्हातारा सुतार भेटतो, जो आपण केलेली गावातली दारे त्याला दाखवत हळूहळू चालतो, आणि आता लोक लोखंडी दारे बसवू लागले आहेत याची खंत बोलून दाखवतो. मुलाला घाई, म्हाताऱ्याला सवड: सारा ताण एवढाच आहे.

आपल्याकडचेही सोडू नकोस. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) पाहिला नसशील तर आधी तो पाहा. एका लोकशाहिरावर आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. त्या कामगाराची विधवा साक्षीत सांगते की नवरा आत उतरण्याआधी खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. हे ऐकल्यानंतर मला विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३) पुरता गोड लागला नाही. टोकियोतली सार्वजनिक शौचालये साफ करणाऱ्या माणसाचे शांत जीवन त्यात आहे, आणि कोजी याकुशो यांना कानमध्ये अभिनयाचे पारितोषिकही योग्यच मिळाले, पण ती शौचालये फारच देखणी आहेत. लोक त्याची फार वाखाणणी करतात; तू पाहून तुझे मत ठरव.

श्याम बेनेगल यांच्या दूध सहकारावरच्या ‘मंथन’चे (१९७६) तुला वेगळे सांगायला नको, कारण त्यातल्या स्मिता पाटील आपल्या शिरपूरच्या घराण्यातल्या. पण गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला, हे किती जणांना माहीत आहे? आणि शेजारचे मालेगाव तर आहेच. तिथल्या यंत्रमागवाल्यांच्या गावात हौशी मंडळींनी कॅमेऱ्यासाठी सायकलीची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून सुपरमॅनचा चित्रपट कसा बनवला, हे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात आहे. माग चालवणारा एक किडकिडीत कामगार त्यात सुपरमॅन होतो.

मुबी या चित्रपटांच्या ऑनलाइन सेवेवर असे चित्रपट येत-जात असतात, त्यामुळे हवा तो त्या दिवशी नसला तर दुसरा पाहावा. मोबाइलवर पाहणार असशील तर कानाला हेडफोन लाव, कारण ओल्मींच्या चित्रपटात घंटा, गुरे आणि पाणी यांचे आवाज निम्मे काम करतात. संवादांचा अर्थ सांगणाऱ्या खालच्या ओळी इंग्रजीत असतात. आईंना दाखवायचे असेल तर शेजारी बसून मोजकेच सांग, कारण त्यात बोलणे मुळातच कमी आहे.

माझी एक शंका मात्र तू दूर कर. त्या आजोबांसारखे थंडीत कोंबडखत घातले, तर आपल्याकडे टोमॅटो खरोखर महिनाभर आधी येईल का? इथले मास्तर लोक नुसतेच वाद घालत आहेत. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुरेश