डाकवाल्याला कोणी लिहीत नाही म्हणून

आदरणीय डाकवाले चाचा,

सलाम, आणि ठाकुमाच्या, म्हणजे माझ्या बंगाली आजीच्या, वतीनं नमस्कार. वि. वि. पत्रास कारण की...

हा मायना तुमचाच. पाचवीत पत्रलेखनाला दहापैकी दोन मिळाले म्हणून मी ओट्यावर रडत बसले होते. तुम्ही सायकल स्टँडवर लावली, थैलीवर कागद ठेवला आणि शिकवलंत : वडिलांना तीर्थरूप, मोठ्यांना आदरणीय, बरोबरीच्याला प्रिय, लहानाला चिरंजीव. मी विचारलं, "आणि डाकवाल्याले?" तुम्ही हसलात. "डाकवाल्याले कोनी लिहीत नाही, बेटी. तो फक्त देते."

ते राहून गेलं होतं. मागच्या महिन्यात बाबांना जमिनीच्या कामासाठी जुने कागद हवे होते, म्हणून ठाकुमाची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी लुगड्याच्या फडक्यात एकतीस पत्रं निघाली, सगळी पाकिटांसकट. "पाकीट फेकू नका, त्याच्यावर शिक्का असते, तारीख असते, कधी कामी पडते," असं तुम्ही आमच्या निर्वासितांच्या कॅम्पात घरोघर सांगत होतात, ते ठाकुमानं वेदवाक्यासारखं पाळलं होतं. कचेरीतल्या बाबूनं ती पाकिटं उलटीपालटी करून परत दिली. असला पुरावा चालत नाही म्हणे. आमचं काम दुसऱ्या कागदावर झालं. पण रात्री मी ती पाकिटं तारखेनं लावत बसले, आणि प्रत्येक पाकिटावर तुमचं निळं अक्षर दिसत गेलं.

पहिल्या पाकिटाची गोष्ट बाबा सांगतात. 1973 सालचं. वर पत्ता होता 'माना कॅम्प, रायपूर', इथं येण्याआधीची आमची निर्वासित छावणी. बांगलादेशात, खुलन्याला मागं राहिलेल्या ठाकुमाच्या बहिणीला तेवढंच ठाऊक होतं. माना कॅम्प सोडून आम्हाला कितीतरी वर्षं झाली होती. ते पत्र रायपूरहून कुठं कुठं फिरलं देव जाणे, पाकिटावर जागा उरली नव्हती एवढे शिक्के. शेवटी आपल्या डाकघरात पडलं. तुम्ही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचे, नुकतेच लागलेले. ठाकुमाचं नाव पाकिटावर इंग्रजीत, तेही बंगाली उच्चारानं लिहिलेलं. तुम्ही तीन दिवस कॅम्पातल्या एकेका दारात जाऊन विचारलंत, खुलन्याची कोण, खुलन्याची कोण. सापडल्यावर परतीचा पत्ता स्वतः लिहून दिलात : गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा भंडारा, आणि आदल्याच वर्षी सुरू झालेला पिनकोड. ठाकुमा तो कागद बाबांपुढं धरून दर पत्रात तसाच उतरवून घ्यायची. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही पुन्हा घरोघर फिरलात, आता पत्त्यात गोंदिया लिहा म्हणून. आम्ही लिहिलं. खुलन्याची आजी मात्र शेवटपर्यंत भंडाराच लिहीत राहिली, आणि तुम्ही दर वेळी निळ्या पेनानं ते खोडून गोंदिया केलंत.

आता जे लिहायचं आहे ते सोपं नाही, चाचा.

तुम्ही मुसलमान आहात हे ठाकुमाला पहिल्या दिवशी कळलं, आणि त्या दिवसापासून तिनं तुमच्या हातून पत्र घेतलं नाही. ओट्याच्या कठड्यावर ठेवायचं, तुम्ही फाटकाबाहेर गेलात की ती उचलायची. पाणी विचारायची नाही. मे महिन्यात, आपल्या झाडीपट्टीच्या उन्हातसुद्धा नाही. हे मी लहानपणी रोज पाहिलं, आणि मला ते चुकीचं वाटत नव्हतं, कारण घरातलं कोणीच काही म्हणत नव्हतं.

तिच्याकडं कारण होतं. 1963 च्या डिसेंबरात काश्मीरमध्ये हजरतबल दर्ग्यातली पैगंबरांची पवित्र खूण नाहीशी झाली, आणि जानेवारीत तिकडं खुलन्यात हिंदूंची घरं पेटली. ठाकुमाच्या थोरल्या दिराला तिनं पडलेलं पाहिलं होतं. त्याचा सूड म्हणून त्याच महिन्यात कलकत्त्यात मुसलमानांची घरं पेटली, हे मला खूप पुढं वाचून कळलं. ठाकुमाला कोणी ते सांगितलं असतं तरी तिच्या दिराचं दुःख कमी झालं नसतं. सीमा, गाडी, माना कॅम्पातले तंबू, आणि मग हे सागाचं जंगल. ज्या भाषेत रडायचं ती भाषा इथं कोणाला कळत नव्हती. पुढं कागदोपत्रीही तेच. बंगालात आमची नमःशूद्र जात अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत तिचं नावच नाही. पोरांना दाखल्यासाठी अजून चकरा आहेत. असो, ते तुमच्या थैलीतलं नाही.

तर तुम्ही. तुम्ही ठाकुमाला कधी काही समजावलं नाहीत. सगळे धर्म सारखे वगैरे, जे शाळेत पंधरा ऑगस्टला पाहुणे सांगायचे, त्यातलं एक वाक्य नाही. कठड्यावर पत्र ठेवायचं, सायकलची घंटी दोनदा वाजवायची, "माय, ठेवलं," म्हणायचं आणि जायचं. एकोणीस वर्षं.

1992 चा डिसेंबर. मी चौथीत होते. अयोध्येनंतर बांगलादेशात मंदिरं फुटल्याच्या बातम्या रेडिओवर येत होत्या, आणि खुलन्याहून पत्र नाही. कॅम्पातल्या बाप्यांनी चावडीपाशी ठरवलं की डाकवाल्यानं आत यायचं नाही, नाल्याच्या पुलावर टपाल द्यावं. त्या घोळक्यात माझे बाबा होते. ते बोलले नाहीत, पण होते. हे मी त्यांना विचारून लिहिते आहे. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, लिही.

तुम्ही पुलावर थांबलात. सगळ्यांचं टपाल तिथंच वाटलंत. मग सायकल तिथंच टेकवून, चालत, एकटे आमच्या फाटकाशी आलात. हातात काही नव्हतं. "आज नाही आली, माय. उद्या पायतो." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पत्र नाही हे सांगायला डाकवाला घरी येतो, असं मी तेव्हा पाहिलं आणि नंतर कधी पाहिलं नाही. तुम्हाला अडवायला कोणी पुढं झालं नाही, का ते मला ठाऊक नाही. रिकाम्या हाताच्या माणसाला काय म्हणून अडवायचं, असं झालं असावं.

जानेवारी लागला आणि मुंबई पुन्हा पेटली. तुमची आपा धारावीत राहते हे कॅम्पात सगळ्यांना माहीत होतं, ठाकुमालाही. त्या दिवशी तुम्ही आलात, "आज नाही आली, माय," म्हणालात आणि वळलात. ठाकुमा ओट्यावरून उठली. मराठी तिला पुरेशी येत असूनही तिनं बंगालीत विचारलं, "तोमार चिठी एलो?"

तुम्हाला बंगाली येत नव्हतं. पण तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "नाही माय. माझी बी नाही आली."

एवढंच. तिनं पाणी वगैरे दिलं नाही. ते कधी सुरू झालं मला आठवतही नाही. एक दिवस पाहिलं तर कठड्यावर स्टीलचा गडवा भरून ठेवलेला होता, आणि पुढं तो रोज असायचा. तुमच्या आपाचं पत्र आधी आलं. ते तुम्ही आम्हाला दाखवायला आणलंत. आमचं फेब्रुवारीत आलं.

तुम्हाला आपल्या गोंदियाकडच्या प्रतापगडची शिरनी, दर्ग्यावरचा प्रसाद, आठवते का? महाशिवरात्रीला तिथं महादेवाची यात्रा भरते आणि त्याच दिवसांत ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावरही लोटालोट असते. आपल्याकडच्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, एकाच फेरीत दोन्हीकडं डोकं टेकवून येतात. ठाकुमा महादेवाला जायची आणि दर्ग्याकडं न पाहता परत यायची. त्या वर्षी तुम्ही कागदाच्या पुडीत शिरनी आणलीत आणि पत्रासारखीच कठड्यावर ठेवलीत. "काय आहे?" "शिरनी, माय." ठाकुमा थबकली. आमच्या घरी सत्यनारायणाला पीठ, दूध, केळं, साखर कालवून जो प्रसाद करतात त्याला शिन्नी म्हणतात. मग तिनं त्या संध्याकाळी आम्हाला जे सांगितलं ते तोवर कधी सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरी सत्यनारायणालाच सत्यपीर म्हणायचे आणि शिन्नी दोन्ही घरांत व्हायची. सुंदरबनात मध काढायला जाणारे हिंदू काय नि मुसलमान काय, वाघाच्या भीतीनं बनबीबीचंच नाव घेऊन जंगलात शिरायचे. हे सगळं तिच्याजवळ होतं, चाचा. 1964 च्या खाली दबून होतं. तुमची शिरनी तिनं खाल्ली की नाही, मी पाहिलं नाही. आम्हा पोरांना वाटली, एवढं खरं. दर्ग्यात ती कधीच गेली नाही, हेही खरं.

तुमच्या थैलीचं मला फार आकर्षण होतं. गोठणगावकडच्या तिबेटी वसाहतीचं टपालही तुमच्याकडंच. 1972 पासून ती माणसं इथं आहेत, बर्फातून निघून थेट आपल्या धानाच्या बांध्यांत. त्यांची अक्षरं मला वाळत घातलेल्या मासळीसारखी वाटायची, एका दोरीवर ओळीनं लटकलेली. बंगालीही तशीच लटकते, आणि मराठीही, हे तुम्ही दाखवलंत. थंडीत त्यांच्यातले कितीतरी जण स्वेटर विकायला बाहेरगावी जात, तेव्हा त्यांची पत्रं तुम्ही बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवायचे, उंदीर लागू नये म्हणून. वर दोन लिंबाची पानं. कुठल्या नियमात होतं हे? पगार 'ई. डी.', म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, डाकवाल्याचा, पुढं नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झालं, पेन्शन तेव्हाही नव्हती आणि नावासोबत आलीही नाही.

आणि 2004 चं शेवटचं पाकीट. त्यावर खुलन्याचाच शिक्का, पण अक्षर दुसरं. बंगाली तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण तीस वर्षं एकच हात पाहिला होता. त्या दिवशी तुम्ही पाकीट कठड्यावर ठेवलं नाहीत, घंटीही वाजवली नाहीत. ओट्यावर बसलात. रोवणीचे दिवस होते, बाबा बांधीत चिखलात. मला म्हणालात, "बाबाले बोलावून आण." ठाकुमा दारात आली आणि तुम्हाला बसलेलं पाहिलं. एवढ्या वर्षांत तुम्ही आमच्या ओट्यावर कधी बसला नव्हता. तिला कळलं. ती येऊन तुमच्या शेजारी, हातभर अंतरावर बसली. बाबा पायाचा चिखल तसाच घेऊन धावत आले तोवर तुम्ही दोघं तशीच बसलेली होतात. पाकीट तुमच्या हातात होतं, आणि ते तिनं तुमच्या हातातूनच घेतलं.

चार वर्षांनी ती गेली. तुम्ही मातीला आलात. 2019 ला तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी वडसा भागात नर्स होते. दवाखान्यात गर्दी होती म्हणून आले नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं. यायला हवं होतं.

2020 च्या उन्हाळ्यात तेलंगणात मिरची तोडायला गेलेली आपलीच माणसं पायी परत आली, आणि आपल्याच गावांच्या वेशीवर बांबू आडवे पडले होते. माझी ड्यूटी शाळेतल्या विलगीकरणात. एक बाई, तळपायाला फोड आलेली, मला पुन्हा पुन्हा विचारत होती की घरून काही निरोप आला का. नव्हता आला. मी ते टाळू शकले असते. पण मी रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन सांगितलं, आज नाही आला, उद्या पाहते. सहाव्या दिवशी तिचा सासरा वेशीपर्यंत आला, डबा घेऊन. पुढच्या वर्षी लस द्यायला दारोदार फिरले तेव्हाही तसंच. दार लावून घेतलं तर रागवायचं नाही, वाद घालायचा नाही, उद्या परत यायचं. आशाताई म्हणायच्या, तुम्हाला एवढा पेशन्स कुठून येतो, सिस्टर? मी तुमची गोष्ट अर्धीच सांगितली. अर्धी सांगायला लाज वाटली.

म्हणून आता पूर्ण लिहिली. आभार तुमचे, चाचा, आणि त्या पुलाबद्दल माफी, बाबांची आणि माझी. बाबा स्वतः येणार आहेत, धान चुरून झालं की. त्यांना चहात साखर चालत नाही आता, एवढं घरी सांगून ठेवा.

हे सगळ्यांनी वाचावं म्हणून इथं लिहिलंय, पण तुमच्यासाठी हाताने लिहून पाकीटही टाकलं आहे. पत्ता तुमच्या पद्धतीनं लिहिलाय, जिल्हा गोंदिया. काही चुकलं असेल तर नव्या पोराला सांगा, निळ्या पेनानं खोडून दुरुस्त करील. उत्तर लिहा. उर्दूत लिहिलंत तरी चालेल, इथं वाचून देणारं कोणीतरी भेटेल.

पाकीट मी फेकणार नाही.

तुमच्या मायची नात